पलीकडच्या होडीचा वेग

"बघ ताई, पलीकडचे घाटासमोर येऊन दमले," आमच्या होडीचा कप्तान नेमगोंडा घड्याळ दाखवत म्हणाला. "यंदाची शर्यत आपलीच."

पलीकडच्या गावाचा सराव बघून त्यांचा खरा वेग ओळखणं हे बाबांचं काम. ते गेल्यावर माझ्याकडे आलं. मला चैन पडेना. दमलेला माणूस वल्हं पाण्यात सोडून देतो. यांनी सगळी वल्ही एकदम वर उचलली होती. होडी थांबली होती ती बाबा जिथं बसायचे त्या पायरीसमोर.

"दमले नाहीत, बाबांना सलामी द्यायला थांबलेत," मी म्हणाले. "तेवढा वेळ वजा कर."

नेमगोंडाचा चेहरा उतरला. "मग आपलं काही खरं नाही गं."

वल्ही पाण्यात पडली आणि होडी अशी सुटली, की बाबा असते तर काळजीनं आज जेवले नसते.