आठ तुकडे

"आजी, हे काय ओ?" विनायकने विचारलं. बेळगावकडचा हा पोरगेला माणूस सहा वर्षं डिचोलीच्या त्या दुकानात मिक्सर आणि फ्रीज विकत होता, पण पिशवीतून पुठ्ठ्याचे तुकडे काढून काउंटरवर मांडणारं गिऱ्हाईक त्याने आजच पाहिलं.

"इसवणाचे, तुमच्या सुरमयचे तुकडे," सुलोचनाबाय म्हणाल्या. "तुझ्या ह्या मशिनात किती मावतत, ता बघूक नको?"

तुकडे त्यांच्या सुनेने, विनिताने कापले होते. सकाळी सगळ्यांचे डबे भरता भरता, एका जुन्या लग्नपत्रिकेचे. पत्रिकेवरचा गणपती तेवढा तिने आधी कापून देवाकडे ठेवला. माशाच्या मापात देव कसा घालणार? मग वाळपईला कचेरीत गेली, दिवसभर खुर्चीत आणि परत येताना बसमध्ये उभी, आणि थेट इथे आली. खांद्यावर बॅग, बॅगेत रिकामा डबा, पाय भरून आलेले.

डॉक्टरने तेल बंद केलं होतं ते तिच्या नवऱ्याचं, गौरेशचं. तव्यापुढे उभी राहायची ती. पण यंत्र निवडायला तिघंही आली होती. विनिताला त्यातलं लिटर आणि वॅट काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. शेजारणीने तिला एवढंच सांगितलं होतं, की तुकडे आत घालायचे, बटण दाबायचं आणि पंधरा मिनिटं बसायचं. बसायचं! त्या एका शब्दासाठी ती आली होती.

विनायकने तीन एअर फ्रायर पुढ्यात ठेवले, लहान, मधला आणि मोठा. "एकावर एक ठेवायचं नाही हं आजी. गरम वारा सगळीकडनं फिरायला पाहिजे."

लहानात पाचच तुकडे बसले. सुलोचनाबायनी तो हातानेच बाजूला सारला. मधल्यात आठही बसले, अगदी ठरवून केल्यासारखे. मग त्यांनी कमरेला खोचलेलं काथ्याचं सुंब काढलं. गॅसपासून खिडकीपर्यंतचा ओटा त्या सुंबाने मोजून त्यांनी गाठ मारून आणली होती. मधला गाठीच्या आत राहिला. मोठा दोन बोटं बाहेर गेला.

"मोठ्याचं नावच नको," गौरेश म्हणाला. "पाच हजारांवर जायचं नाही हे घरीच ठरलंय."

"थांबा साहेब, बघून घेऊ," विनायक म्हणाला. "घरात माणसं किती, वैनी?"

"पाच. आई, हे, दोन मुलं आणि मी."

"आणि एकेकाला तुकडे?"

"दोन-दोन."

"मग दहा होतात की ओ! आठच कसे आणलाय?"

बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. त्याने नुसता हिशेब केला.

विनिताने तुकड्यांकडे पाहिलं. मनात पुन्हा मोजले. आठच होते. कातर तिच्याच हातात होती, आणि इतकेच काप असं तिला कोणीही सांगितलं नव्हतं.

गौरेश हसला. "अरे, तिला तळलेलं आवडत नाही. तिला हुमणातलं, रश्श्यातलं डोकं दिलं की झालं."

आवडत नाही! हे म्हटलं कोणी? तिनेच म्हटलं होतं. अठरा वर्षांपूर्वी, लग्नानंतर आठच दिवसांनी पाहुणा आला, तुकडे कमी पडले, आणि नवी सून पटकन बोलून गेली, मला नाही आवडत. एकदाच म्हटलेलं. एरवी दहादा सांगूनही तिचं काही लक्षात न ठेवणाऱ्या घराने हे मात्र पक्कं लक्षात ठेवलं. विनिताला एकदम इतका शीण आला, की तिथेच लादीवर बसावंसं वाटलं.

"माका पण आवडत नाय होता," सुलोचनाबाय सुंबाची गाठ चाचपत म्हणाल्या. "सासू होती तोपर्यंत."

त्यांना कोणी विचारलं नव्हतं. विनिताने वळून त्यांच्याकडे पाहिलं, पण त्या मान वर करेनात.

गौरेशने पाकीट काढलं. "चला, हा मधला पॅक करा. आठ मावतात, ओट्यावर बसतो, पैशांतही बसतो. आणखी काय पाहिजे?"

"थांबा," विनिता म्हणाली.

तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल पुढे ओढलं आणि बसली. काउंटरवर हप्त्यांच्या जाहिरातीचे जाड कागद पडले होते. त्यातला एक घेतला आणि विनायककडे हात केला. "जरा कातर द्या."

त्याने दिली. लग्नपत्रिकेचा एक तुकडा त्या कागदावर धरून तिने तसाच दुसरा कापला. घाई केली नाही. बाहेर बुधवारचा बाजार उठत होता, गौरेशची स्कूटर कोणाच्या तरी टेम्पोला आडवी येत होती आणि टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"आता हे काय काढलंस गो?" गौरेश म्हणाला. "बाहेर तो बघ बोंबलतोय."

विनिताने आणखी एक तुकडा कापला. मग मोठ्या यंत्राचा खण ओढून त्यात एकेक तुकडा मांडायला लागली. आठ पत्रिकेचे, दोन जाहिरातीचे. सुलोचनाबायनी सुंब गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं.

"दहा कशाला?" गौरेशने विचारलं. "कोण येणार आहे जेवायला?"

"येणार कोण?" विनिता म्हणाली. "अठरा वर्षं झाली येऊन."