दहावी खेप

नवव्या खेपेलाही पडद्यावरची रेघ उजवीकडेच झुकली आणि केतकीने बसल्या जागी टाळी वाजवली. तिच्या मार्गदर्शक सरोज मॅडमनी मात्र चष्मा काढला. ताकही फुंकून पिणारी बाई ती.

"एकदाही डावीकडे नाही?"

"नाही, मॅडम! नऊच्या नऊ वेळा."

"हौ, तेच तर मनाला पटत नाही."

केतकीचा चेहरा उतरला. हा अतिवाहक धातू हेलियमने थंडगार केला की वीज त्यातून विनाअडथळा वाहते. आणि त्याच क्षणी तो स्वतःच्या आत बारीकसं चुंबकत्वही निर्माण करतो, असा तिचा दावा होता. काळ उलटा फिरवला तर ज्याची दिशा पालटेल, असं चुंबकत्व. पाच वर्षांचा प्रबंध त्यावर उभा होता. पण ते खरंच धातूचं स्वतःचं असतं, तर नाणं उडवल्यासारखं कधी उजवं, कधी डावं पडायला हवं होतं.

"बाहेरून काहीतरी ढकलतंय त्याला." मॅडम उठल्या. "घड्याळ? बांगड्या?"

"सगळं काढते, रोज."

यंत्रामागच्या खिळ्याला एक कडं लटकत होतं.

"ते अण्णांचं. गुडघ्यांसाठी बेगम बाजारातून आणलं होतं त्यांनी. नुसतं तांबं आहे, मॅडम."

वडील गेल्यापासून ते तिच्या मनगटात असे. कामापुरतं काढून ती ते तिथे अडकवायची, जवळच असावं म्हणून.

मॅडमनी टेबलावरची टाचणी कड्यापाशी नेली. टाचणी टुणकन चिकटली. तांब्याच्या पत्र्याखाली चुंबकं होती.

मॅडम कडं घेऊन पार फाटकापर्यंत गेल्या. केतकीने धातू पुन्हा तापू दिला, पुन्हा थंड केला. दुपार टळली. रेघ शून्यावर आली आणि तिथेच पडून राहिली.

हातातोंडाशी आलेला घास गेला, याचं रडू तिने गिळलं. पण नऊ खेपांना अण्णा इथे होते आणि दहाव्या खेपेला नव्हते, हे काही तिला गिळवेना.

"नक्को गं पोरी, नक्को रडूस," परत आलेल्या मॅडम म्हणाल्या. "नोंद करून टाक. आतलं नव्हतं, बाहेरचं होतं."

केतकीने नोंदवही ओढली. नऊच्या नऊ आकड्यांवर काट मारून पुढे कारण लिहिलं: बाहेरचं चुंबक.

मग 'बाहेरचं' एवढा शब्द तिने खोडला.