आजीच्या हनुवटीवरचा नमुना

मेंदीचं ताट पुढ्यात येऊन अर्धा तास झाला, तरी फरुजा आजी गायला तयार होईना.

"गा ना गं," दाम्या म्हणाली. "हे आशीर्वादाचं गाणं तुझ्याशिवाय अख्ख्या पॅरिसात कुणाला येतंय?"

आजी नातीच्या हनुवटीकडे बघत होती. या कानापासून त्या कानापर्यंत रेघा आणि ठिपके. गोंदण अजून सुजलेलं होतं. आजीने नजर वळवली आणि डोक्यावरचा रुमाल स्वतःच्या हनुवटीवर ओढून घेतला.

दाम्याला किळस आली. भाड्याच्या हॉलला शिळ्या तेलाचा वास मारत होता. पाहुण्या बायकांच्या झग्यांवर चांदीच्या नावाने प्लॅस्टिकचे बिल्ले होते, अंगाला घाम आणि तोंडात फ्रेंच. अल्जीरियाच्या डोंगरातल्या आपल्या काबिल भाषेत एकीलाही धड दोन वाक्यं येत नव्हती. मिरवायला मात्र सगळ्या पुढे. दाम्याने निदान कातडी सुईखाली दिली होती. आजी तोंड धुवायला रुमाल सोडायची तेव्हा चोरून फोटो काढून नमुना उतरवला होता. आजीच्या कपाळावरही एक खूण होती, पण ती बारीक. हनुवटीवरची कशी ठसठशीत.

"पाप केलंस पोरी," रेझ्की मामा दारातून म्हणाला. "गोंदणं हराम. म्हणून आई गात नाहीये."

"तूच तिला तोंड झाकायला लावलंस. सख्ख्या आईच्या तोंडाची लाज वाटते तुला. शी!"

"मी? अगं, मला कळतंय तेव्हापासून ती झाकतेच."

खोटारडा, दाम्या मनात म्हणाली. बाहेर पुरुषांच्या घोळक्यात युबा हसत होता. उद्या त्याच्याशी लग्न, आणि आजीच्या गाण्यावाचून ते लग्न म्हणजे नगरपालिकेतली नुसती सही. दाम्याला रडू फुटायला आलं. तिने पुढे होऊन आजीचा रुमाल खाली ओढला.

"बघा सगळ्यांनी. हिची आणि माझी खूण एक आहे. यात लाजायचं काय?"

आजीने रुमाल पुन्हा वर घेतला नाही.

"कपाळावरची माझ्या आईने घातली," ती हळू आवाजात म्हणाली. "मी नवरी होणार म्हणून."

"आणि ही?"

"ही सासूने. तुझ्या आजोबांना पुरलं, त्याच संध्याकाळी. विधवेच्या तोंडावर मेलेल्या नवऱ्याची दाढी गोंदायची रीत होती आमच्या गावात."