लगेच येते

तिकीटखिडकीच्या काचेला आतून एक पुठ्ठा टेकवून ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘लगेच येते’. त्याला आता वीस मिनिटं झाली होती.

“तो बघ शिक्का,” ओताकार काचेला नाक लावून म्हणाला. “शाईच्या डबीशेजारी. दोऱ्याने बांधून ठेवलाय.”

ल्युबाने पाहिलं नाही. पाच दिवसांत तिने अकरा महालांचे, आठवण म्हणून वहीत मारून घ्यायचे असे अकरा शिक्के पाहिले होते. कुठल्याही महालात शिरलं की नवऱ्याचं आधी खिडकी गाठणं, मग शिक्का, मग वहीच्या पानावर फुंकर, आणि वेळ उरला तर महाल. दोन ठिकाणी तो उरला नव्हता.

“सकाळी तिकिटं काढली तेव्हाच मारून घ्यायचा होतास.”

“वही खोलीवर राहिली होती. सांगितलं ना तुला.”

“दहादा सांगितलंस.”

वही आणायला तो जेवण टाकून उतार उतरून गेला आणि धापा टाकत परत चढून आला. तोवर खिडकीतली बाई पुठ्ठा लावून निघून गेली होती. आता तीनला पाच मिनिटं कमी होती. महाल दाखवणारी तीनची फेरी दिवसातली शेवटची, आणि उद्या पहाटेच्या गाडीने घरी परतायचं होतं. अकरा महाल ओताकारने निवडले होते. हा बारावा तेवढा ल्युबाने मागून घेतला होता. इथल्या जुन्या नाटकघरात वाऱ्याचा आवाज काढणारं यंत्र आहे, हाताने फिरवलं की अडीचशे वर्षांपूर्वीचं वादळ अजून घोंगावतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. “हा आपण दोघं मिळून बघू,” असं ती म्हणाली होती, आणि तो हो म्हणाला होता.

मोठ्या दाराशी गाईडबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली आणि माणसं मोजू लागली.

“ओताकार, चल.”

“तू हो पुढे. मी आलोच.”

“आलोच कसा? ती दार लावून घेते मागून. इतक्या ठिकाणी बघितलंस ना?”

“अगं, येईल ती एवढ्यात. लिहून गेलीय.”

“फेरी संपल्यावर मार शिक्का.”

“फेरी चारला संपते. चारला खिडकी बंद होते.”

“आत्ता कुठे उघडी आहे?”

ओताकारने पुन्हा काचेतून आत पाहिलं. ल्युबाने त्याची बाही धरून ओढली. त्याने हळूच ती सोडवून घेतली, वहीला धक्का लागू न देता.

ती एकटीच आत गेली. जमिनीवर ओरखडे उठू नयेत म्हणून बुटांवरून नमद्याच्या सपाता चढवल्या. मागे किल्ली दोनदा फिरल्याचा आवाज झाला. पुढच्या चार दालनांत काय होतं ते तिला नीट दिसलंच नाही. गाईडबाई दर दालनाचं दार लावायची, आणि ल्युबा दर वेळी मागे वळून पाहायची.

नाटकघर लहान होतं, लाकडाचा वास येत होता. रंगमंचाच्या मागे गाईडबाईने एका मोठ्या पिंपावर हात ठेवला. पिंपाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या, वरून जाडंभरडं कापड ताणून बसवलं होतं आणि दोन्ही बाजूंना एकेक दांडा होता.

“दोघं लागतात याला,” ती म्हणाली. “नवरा-बायको असतील तर उत्तम. भांडायची सवय असते, जोर बरोबर लागतो.”

लोक हसले. ल्युबाचा हात केव्हाच वर गेला होता.

“या बाई. आणि तुमचे हे?”

“बाहेर आहेत. शिक्क्यासाठी थांबलेत.”

पुन्हा हसू उठलं. गाईडबाई मात्र हसली नाही. “माझ्याही नवऱ्याच्या अशा सात वह्या आहेत,” ती म्हणाली. “या. एकटीला जड जाईल, पण फिरतं. हळू सुरुवात करा. आपल्याला नुसती झुळूक हवीय.”

दांडा खरोखरच जड होता. पहिल्या फेऱ्याला पिंप नुसतं कण्हलं. दुसऱ्याला कापड घासलं गेलं आणि कुठूनतरी लांबून वारा निघाला. ल्युबाने पाय रोवले. वारा जवळ आला. पडद्यावर रंगवलेली झाडं तशीच उभी होती, पण ती आता वाकतील असं वाटायला लागलं. लोकांचं बोलणं बंद पडलं.

“पुरे,” गाईडबाई म्हणाली. “बाई, झुळूक म्हटलं होतं मी.”

ल्युबा फिरवतच राहिली. छपरापर्यंत वादळ भरलं. शेवटी तिचे खांदेच थांबले, मग दांडा थांबला, आणि वारा सगळ्यांत शेवटी.

फेरी संपल्यावर मागच्या दाराने बाहेर पडून ती वळसा घालून अंगणात आली. ओताकार बाकावर बसला होता. वही मांडीवर उघडी होती आणि तो तिच्यावर फुंकर घालत होता.

“चारला पाच मिनिटं कमी असताना उगवली बया,” तो म्हणाला. “दाताच्या डॉक्टरकडे गेली होती म्हणे. आणि शाई सुकलेली. तीनदा दाबून मारला, तरी हे असं.”

त्याने वही पुढे केली. पानावर अर्धं कडं उमटलं होतं. शिक्क्यातला महालाचा बुरूज कुठेच नव्हता.

“चालेल ना असा?” त्याने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

ल्युबाच्या उजव्या तळव्यात, दांड्याच्या मुठीचं टोक दाबलं गेलं होतं तिथे, एक लाल ठसा उमटला होता. बटणाएवढा, गोल, काठापर्यंत स्पष्ट.

“तुझं काय? आत काय होतं?” ओताकारने विचारलं.

“वारा होता,” ती म्हणाली, आणि तिने मूठ मिटून घेतली.