टाकीचा जिना

शेडच्या दाराखालून पिवळसर हिरवा धूर बाहेर आला आणि जलशुद्धीकरण केंद्र पाहायला आलेल्या दहावीच्या बावीस मुली किंचाळत सुटल्या. क्लोरीनचं सिलिंडर गळत होतं. "खाली नाल्याकडे पळा!" पहारेकरी ओरडला.

गव्हाणेबाई जागीच थिजल्या. एकोणीस वर्षं त्या हॅलोजन शिकवत होत्या. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. कुणाचा रंग कसा, कोण किती जड, सगळं तोंडपाठ. पण घसा जाळणारा हा वास त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घेतला. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड. म्हणजे तो नाल्यातच उतरणार, आणि वाराही तिकडेच वाहत होता.

"खाली नको! टाकीवर चढा! बाटलीतल्या पाण्याने ओढण्या भिजवा, नाकाला लावा!" त्यांचा आवाज चिरकला. आपलं चुकलं तर? बावीस घरांत काय सांगायचं? तरी त्यांनी एकेकीला शेडजवळच्या उंच पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर ढकललं आणि स्वतः शेवटी चढल्या. मागून पहारेकरीही खोकत वर आला.

वरून सगळ्यांनी पाहिलं. धूर उतारावरून सरपटत गेला आणि नाला काठोकाठ भरला. काठावरचा बगळा उडता उडता कोसळला.

"बाई, आपण तिथे असतो ना?" एकीने हळूच विचारलं. बाईंनी तिची ओढणी पुन्हा नाकाला नीट लावली.

तासाभराने मास्क घातलेल्या माणसांनी गळती थांबवली आणि सगळ्यांना खाली बोलावलं. मुली भराभर उतरू लागल्या. बाईंचे पाय मात्र हलेनात. शेवटी दोघींनी त्यांचे हात धरले आणि "बाई, अजून एक पायरी," असं म्हणत त्यांना खाली आणलं.