मागचा उजवा पाय

घंटा वाजली तेव्हा कंपाउंडर पालथे पडून पलंगाखाली हात घालत होते. एका हातात पट्टीची गुंडाळी आणि दुसऱ्या हाताला नुसती धूळ. मांजरी पार भिंतीला चिकटून बसली होती.

"आलो, आलो!" ते ओरडले, पण आवाज घोगरा निघाला. सकाळपासूनचा हा पहिलाच शब्द होता.

वरच्या मजल्यावरच्या बाई सहाच्या ठोक्याला यायच्या. आज पावणेसहालाच आल्या. नेमक्या याच पंधरा मिनिटांत कंपाउंडरांचं एक काम उरकायचं असे, ते आज बोंबललं. हाताला एक मागचा पाय लागला. तो धरून त्यांनी मांजरीला बाहेर ओढलं, चार वेढे दिले, गाठ मारली आणि गुडघे झटकत दार उघडलं.

"माझं घड्याळ पुढे गेलंय वाटतं," बाई म्हणाल्या. हातात उकडलेल्या मासळीची नेहमीची डबी. वास सोसत नाही म्हणून त्यांनी ती अंगापासून हातभर लांब धरली होती. "कशी आहे आमची महाराणी?"

"जखम ओली आहे अजून. अशा जखमा वरून बऱ्या दिसतात, आतून चिवट असतात."

हे धडधडीत खोटं होतं.

जिन्यातली ही मांजरी तीन आठवड्यांपूर्वी फाटकाच्या पत्र्याने पाय फाडून घेऊन दाराशी येऊन पडली, तेव्हा जखम खरंच खोल होती. चाळीस वर्षं दवाखान्यात पट्ट्या बांधलेल्या माणसाने ती धुतली, औषध लावलं, बांधली. पण मांजरीची जात मानी. जो हात औषध चोळतो त्या हातचा घास ती घेईना. दोन दिवस उपाशी राहिली. शेवटी वर जाऊन, शाळेत शिवण शिकवणाऱ्या या बाईंना बोलावून आणावं लागलं. बाईंच्या हातून मात्र तिने मुकाट्याने खाल्लं, आणि बाई रोज येऊ लागल्या. पाऊण तास बसायच्या. चहा घ्यायच्या. काजं उलटी शिवणाऱ्या शाळेतल्या मुलींचे किस्से सांगायच्या.

जखम भरून आता आठवडा झाला होता. कंपाउंडर दिवसभर पट्टी सोडून ठेवत आणि पावणेसहाला पुन्हा बांधत. "चहाला येत जा," असं सरळ म्हणता आलं असतं. पण मध्ये पेशंट नसला तर माणसाशी काय बोलायचं, हे त्यांचं शिकायचं राहूनच गेलं होतं. मांजरी बरी झाली की बाईंचं येणं संपणार. मग जेवणाच्या वेळी वरून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, तेवढाच काय तो शेजार उरणार. आवाज एकाच खुर्चीचा येई.

बाई स्टुलावर बसून एकेक घास भरवू लागल्या. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. ही चांगली टक्क डोळे उघडे ठेवून खात होती. डोळे मिटायचं काम कंपाउंडरांनी पत्करलं होतं. बाईंची नजर पट्टीवर जरा जास्तच रेंगाळली असं त्यांना वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! ते उठून स्वयंपाकघरात गेले.

त्यांनी दोन कप पाणी मोजून टाकलं. दोन कप मोजताना त्यांना रोजच बरं वाटे. चहा गाळता गाळता सहज दारातून पाहिलं, तर खाणं आटोपून मांजरी टुणकन खिडकीच्या कट्ट्यावर चढत होती. पट्टी डाव्या पायावर होती. उजवा मोकळा. त्यावर नवी लव आलेली आणि मधोमध सुकून पांढरी पडलेली एक रेघ.

कंपाउंडरांनी गाळणं खाली ठेवलं. आजवर हजारो हातपाय बांधले, एकाचा उजवा म्हणून डावा कधी बांधला नाही. बाई काय म्हणतील? मांजराच्या पायाआड लपून हा म्हातारा माणूस धरून ठेवतो, असंच ना? आणि ते खोटंही नव्हतं. उद्या सहा वाजतील, सव्वासहा वाजतील, घंटा वाजणार नाही.

त्यांनी बशा पुसल्या. पुसलेल्या पुन्हा पुसल्या. चहा निवायला लागला तेव्हा नाइलाजाने बाहेर आले.

मांजरी बाईंच्या मांडीवर होती. सोडलेली पट्टी त्यांच्या हातात होती, आणि चष्मा कपाळावर चढवून त्या उजव्या पायावरच्या लवेवरून अंगठा फिरवत होत्या.

"बाई, मी..." कंपाउंडर म्हणाले. त्यांनी दोन्ही कप स्टुलाशेजारी टेकवले.

बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांनी पट्टी मांडीवर ठेवून तळहाताने सुरकुत्या काढल्या. मग ती उजव्या पायाला गुंडाळली, सावकाश, वेढ्यावर वेढा नीट बसवत. टोक दातांनी चिरून त्याचे दोन भाग केले आणि घट्ट गाठ मारली.

"दुखरा पाय उजवा आहे, कंपाउंडर," त्या म्हणाल्या. "एवढं तरी ध्यानात ठेवत जा."

त्यांनी आपला कप घेतला. चहा गार झाला होता, तरी पुरता संपवला.

"आणि माझ्या घड्याळाचा काही भरवसा नाही. उद्या कदाचित साडेपाचलाच येईन. त्याआधी बांधून ठेवा."