दुहेरी शिवलेला खिसा

खांबावर चढण्याआधी डीपीतला फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा, ही वायरमन भागोजीची जुनी रीत होती. नव्या इंजिनीयर साहेबांना ती गावठी वाटली. त्यांनी ऑफिसात नंबरांचा फलक लावला आणि फ्यूज तिथंच टांगायचा हुकूम काढला. "सायब, खिशात असला म्हंजे वर बिनघोर हात घालता येतो," भागोजी एवढंच म्हणाला. परवा मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यातून फोनवर फोन आले, तेव्हा तो खांबावरून उतरला असेल असं धरून साहेबांनीच फ्यूज परत बसवायला पाठवला. आज ते भागोजीच्या पडवीत दुखवट्याला बसले होते. त्याच्या बायकोनं इस्पितळातून मिळालेला खाकी शर्ट पुढ्यात ठेवला. "खिसा फाटायचा म्हनून दुहेरी शिवलेला मी. पन आत फ्यूज नाय गावला, सायब," ती ओशाळून म्हणाली. "हपिसाचा माल तो. खांबाखाली पडला असंल, शोधून देते."